चौघांतला एक

फौजेत अग्निवीर असलेला भाचा सुट्टी संपवून परत निघाला होता. गावाकडून एसटीनं स्वारगेटला उतरायचं, रात्रीपुरतं माझ्या खोलीवर पडायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची झेलम पकडायची, असा त्याचा दर सुट्टीचा रिवाज. २०२५ च्या नोव्हेंबरचा मधला आठवडा होता. टेबलावर, खाटेवर, खुर्चीच्या पाठीवर आमच्या मासिकाच्या डिसेंबरच्या अंकाची मुद्रितं पसरलेली. मी अक्कानं बांधून दिलेल्या भाकरी तव्यावर गरम करत होतो, खोलीभर ठेच्याचा वास सुटला होता, आणि हा गडी खाटेवर मांडी घालून एकेक पान उचलून वाचत होता. पोरगं शाळेत कधी इतकं मन लावून वाचताना मला दिसलं नव्हतं. मध्येच म्हणाला, "मामा, ह्यो ड तेवढा खोडू नका."

बघितलं तर प्रश्न त्रेचाळिसावा. अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त किती टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेतलं जातं? अ) १५, ब) २५, क) ३५, ड) ७५. उत्तर ब. ऑपरेटरनं टाइप केलेला ७५ मला फार लांबचा वाटला. एवढ्या लांबच्या पर्यायाला कुणी फसत नाही. म्हणून लाल पेनानं ७५ वर रेघ मारून समासात ३० लिहिलं होतं.

"का रे?" मी विचारलं. तसा तो जरा ओशाळला. "न्हाय, तसं काय न्हाय. आमच्याकडं बोलत्यात वाढवणार हायत म्हणून. कोण म्हणतं पन्नास, कोण म्हणतं पंच्याहत्तर." कोण बोलतं? "सगळीच. लंगरमधी बसलं की ह्योच विषय." मी म्हटलं, अरे, बोलणं वेगळं आणि उत्तर वेगळं, आज तरी पंचवीसच आहे. "ते म्हायती हाय मामा," तो म्हणाला, "उत्तर तेच ऱ्हाऊ द्या. म्या म्हणतोय, ड बी ऱ्हाऊ द्या." मग मुद्रितं चौकोनी नीट रचून बाजूला ठेवली आणि जेवायला बसला.

तेवढंच. एवढ्यावर कुणी ललित लेख लिहायला बसेल असं मलाही वाटलं नव्हतं.

पण माझा धंदाच असा आहे की ते वाक्य डोक्यातून जाईना. मी स्पर्धा परीक्षांच्या एका मासिकासाठी चालू घडामोडींचे प्रश्न तयार करतो. म्हणजे खरं बघायला गेलं तर खोटं तयार करतो. एका प्रश्नाला एक खरं लागतं आणि तीन खोटी. खरं सोपं असतं. सरकारी प्रसिद्धिपत्रक उघडायचं, नाव, तारीख, आकडा उचलायचा. घाम फुटतो तो खोट्यासाठी. खोटं हे खऱ्याच्या शेजारच्या घरात राहणारं हवं. फार लांबचं ठेवलं तर पोरं हसतात, फार जवळचं ठेवलं तर आक्षेप येतात. देश फ्रान्स असेल तर बाकीचे तीन जपान, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया असे हवेत, म्हणजे वाचणाऱ्याच्या पोटात जरा गोळा यायला पाहिजे. तारीख असेल तर महिना तोच ठेवून दिवस हलवायचा. योजना असेल तर खातं बदलायचं. आणि आठवड्याअखेर डोकं बधिर झालं की 'फक्त अ आणि ब', 'वरीलपैकी सर्व' हे आमचे हक्काचे चाकर आहेतच. एका प्रश्नामागं मला काय मिळतं ते सांगत नाही. शास्त्री रस्त्यावरच्या कटिंगच्या हिशोबात ते नीट बसतं.

ही कला मी शिकलो ती फसून फसूनच. याच सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर सहा वर्षं काढली. दहा बाय दहाची खोली, चार खाटा, खाटेखाली ट्रंक, ट्रंकेवर पुस्तकं, आणि भिंतीवर भारताचा नकाशा, ज्याच्या कोपऱ्यावर कुणी तरी कधी काळी चहा सांडलेला. लक्षद्वीप त्या डागातच होतं. संयुक्त लष्करी सराव हा माझा हळवा विषय. वरुण नौदलाचा, गरुड हवाई दलाचा, शक्ती भूदलाचा, तिन्ही फ्रान्सबरोबर, हे मी झोपेतही सांगायचो. एका परीक्षेत आलं 'गरुड शक्ती'. माझा हात सरळ फ्रान्सवर गेला. गरुड फ्रान्सचा, शक्ती फ्रान्सची, पण गरुड शक्ती निघाली इंडोनेशियाची. तो प्रश्न ज्यानं काढला त्याला मी त्या वर्षभरात ज्या शिव्या घातल्या त्या गावातल्या बांधावरच्या भांडणातही ऐकायला मिळायच्या नाहीत. आज दर दोन वर्षांनी तोच प्रश्न मी स्वतः टाकतो, आणि फ्रान्स अ वर ठेवतो. माणूस कसा होत जातो बघा.

एकदा मुलाखतीपर्यंत गेलो. यादीत नाव नव्हतं. पुढचं सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं सांगत नाही.

माझ्यात आणि भाच्यात बारा-तेरा वर्षांचंच अंतर असल्यासारखं वाटतं, खरं तर ते त्याहून बरंच जास्त आहे. आमचा भाग कोरेगाव तालुक्याकडचा, पावसाच्या नावानं बोंब असलेला. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर नावातच 'मिलिटरी' घेऊन बसलंय. आमच्या गावाला ते बिरूद नाही, पण घराआड एक फौजी आमच्याकडेही आहे. आमच्याकडं पोरगं दहावीला आलं की दोनच वाटा दिसतात. पहाटे चारला उठून रस्त्यानं पळायला लागतं, नाही तर पुण्याला येऊन अभ्यासिकेत बसतं. मी दुसऱ्या वाटेचा, भाचा पहिल्या. करोनाच्या दोन वर्षांत लष्कराची भरतीच झाली नाही तेव्हाही हा रोज पळत होता. त्याच्या जोडीची पोरं त्या दोन वर्षांत वयातून बाद झाली. घरी बसून वय निघून जाणं काय असतं ते मला पुण्यात कळलं होतं, त्याला गावच्या डांबरी रस्त्यावर कळलं. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली, त्याच आठवड्यात बोंबाबोंब झाली म्हणून पहिल्या वर्षापुरती वयाची अट २१ वरून २३ केली गेली. हा एक प्रश्न मी अजूनही सराव परीक्षेत घालतो. याचं वय तेव्हा एकोणीस, त्यामुळं त्याला त्या सवलतीची गरज नव्हती, पण अपशिंगे रस्त्यावर त्याच्याबरोबर पळणाऱ्या दोघांना होती. पहिल्याच तुकडीत लागला. बेळगावला ट्रेनिंग झालं. शपथेच्या दिवशी अक्का पहिल्यांदा महाराष्ट्राबाहेर गेली. परत आल्यावर मला फोनवर म्हणाली, "बेळगावात समदी मराठीच बोलत्यात की रं." मी म्हटलं, अक्का, हा सुद्धा एक प्रश्न आहे, पण तो कुणी विचारत नाही.

चार वर्षं, वर्षाला तीस दिवस सुट्टी, शेवटी हातात साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी, पेन्शन नाही, आणि शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम. हे सगळं मी इतक्या वेळा लिहिलंय की बोटं आपोआप चालतात. चार पर्यायांतला एक बरोबर, चौघांतला एक कायम. आयोगाच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुणही पावच कापतात. हे पाव-पाव जुळतंय हे कित्येक वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं आणि आलं तेव्हा मला त्याचं जरा कौतुकच वाटलं, एखादं कोडं सुटावं तसं. मग लाज वाटली. ताटात भाकरी कुस्करत बसलेला तो समोर होता.

त्याच वर्षीच्या मे महिन्याची गोष्ट सांगतो. त्याच्या आधी एप्रिल. २२ तारखेला बैसरणच्या कुरणात २६ माणसं मारली गेली, त्यात महाराष्ट्रातली सहा, त्यातले दोघं आमच्या पुण्याचे. शहर दोन दिवस गप्प होतं. त्या गप्प शहरात बसून मी प्रश्न टाइप केला. बैसरण कोणत्या जिल्ह्यात? अनंतनाग. पहलगाम कोणत्या नदीकाठी? लिद्दर. मग हात आकड्यावर आला. २६ च्या शेजारी ठेवायला तीन खोटे आकडे हवे होते. २४ लिहिलं. २५ लिहिलं. २८ लिहिताना हात थांबला. मेलेल्या माणसांत दोन कमी करायचे, दोन वाढवायचे, आणि वाचणारा गोंधळतो का ते बघायचं. तो प्रश्न मी काढून टाकला. त्याच अंकात दुसऱ्या एका लेखकानं तोच टाकला होता. तो छापून आला, आणि पर्याय माझ्यापेक्षा चांगले होते.

७ मेच्या सकाळी सहाला अक्काचा फोन. "टीव्हीवर काय चाललंय ते?" भाच्याचं युनिट तेव्हा जम्मूच्या बाजूला. फोन बंद. मी तिला सांगितलं की फोन बंद असणं ही चांगली खूण असते, अशा वेळी सगळ्यांचेच बंद करायला लावतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठोकून दिलं. खोटं शेजारच्या घरातलं असलं की पटतं. नऊ वाजता संपादकांचा फोन. ऑपरेशन सिंदूरवर विशेष पुरवणी काढायची, दोन दिवसांत साठ प्रश्न पाहिजेत. मी काढले. हल्ला किती ठिकाणी? ७, ९, ११, १२. जोड्या लावा: बहावलपूर, मुरीदके, मुझफ्फराबाद, कोटली. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यासोबत पत्रकार परिषदेत बसलेल्या दोन अधिकारी महिला कोण? कर्नल सोफिया कुरेशींचं नाव ऐकलं आणि मला माझं जुनं टिपण आठवलं. २०१६ मध्ये इथंच पुण्यात, औंधच्या लष्करी तळावर 'फोर्स १८' हा अनेक देशांचा सराव झाला होता, त्यात भारतीय तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला म्हणून त्यांचं नाव मी तेव्हाच कार्डावर उतरवून ठेवलं होतं. जुनं कार्ड सापडल्याचा मला आनंद झाला. हो, आनंद. भाच्याचा फोन बंद होता, अक्का तासातासाला फोन करत होती, आणि मी ट्रंकेतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून ते उजेडात धरून खूश झालो होतो. या चार दिवसांबद्दल मी अजून कुणाशी नीट बोललेलो नाही.

१० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली. त्याचा फोन आला तो आणखी एक दिवस सोडून. "मामा, बरा हाय. आईला सांगा, तिचा लागत न्हाई." अक्काचा फोन लागत नव्हता कारण ती मलाच फोन करत होती. पुरवणी तोवर अप्पा बळवंत चौकात आली होती, आणि खपलीसुद्धा.

हे असं होतं म्हणून मी पोरांना नावं ठेवत नाही. बाहेरची माणसं ठेवतात. म्हणतात, या पेठांतल्या पोरांना कशाचं काही वाटत नाही, पूर आला तरी नदीचं नाव पाठ करतील. वाटतं की. मी ते डोळ्यांनी बघितलंय. सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात आणि सोलापूरकडं पाणी चढलं, २८ तारखेची राज्यसेवा पूर्व पुढं ढकलून ९ नोव्हेंबरला नेली, त्या रात्री मी आमच्या मेसमध्ये होतो. बातमी आली तशी एका टेबलावरून आरोळी उठली. दीड महिना मिळाला! माढ्याकडचा एक पोरगा माझ्यासमोर बसला होता. तोही त्या लाटेत हसला, ताटावर हात मारला, आणि मग तसाच थांबला. वरणात भात तसाच. थोड्या वेळानं मला म्हणाला, "सर, सीना कुणाची उपनदी?" मी म्हटलं भीमेची. "ते ठाऊक आहे," तो म्हणाला, "उगम?" मी म्हटलं अहिल्यानगर जिल्हा. "ते पण ठाऊक आहे. आमच्या वावरातून गेली ती काल." मग त्यानं भात संपवला, ताट उचलून ठेवलं आणि अभ्यासिकेत गेला. कुठं जाणार? रस्ते बंद होते. पुढच्या महिन्यात ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख नरेगातून. मी त्यावर प्रश्न केला, त्या पोरानं तो मासिकात सोडवला आणि मला येऊन सांगितलं, "सर, रोख आणि नरेगा अशी फोड द्या, नुसता आकडा दिला तर पोरं गोंधळतील. आमच्या घरीपण गोंधळलेत." त्या सूचनेबद्दल मी त्याला चहा पाजला. अंकात दुरुस्ती केली. अजून काय करता येतं?

आपल्याच घरातली गोष्ट प्रश्नपत्रिकेत भेटली की माणूस गोंधळतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तलाठ्याचं पोरगं महसुलाच्या प्रश्नात चुकतं, कारण वडिलांना अजून सगळं गाव तलाठीच म्हणतं आणि पर्यायात 'ग्राम महसूल अधिकारी' असतं. कोर्टात कारकुनी केलेला एक जण अजून चारशेवीस म्हणतो. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ झालं, पण फसणाऱ्याला त्यानं काही फरक पडल्याचं दिसत नाही. अक्काचंच घ्या. महिन्याला दीड हजार देणाऱ्या योजनेचं वय २१ ते ६५, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, हे मी दहा वेळा छापलं. पण तिची ई-केवायसी करायला बसलो तेव्हा पोर्टलनं नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली, आमचे आबा त्याच्या आधीच गेले. मी इकडं पुण्यात लॅपटॉपसमोर, ती तिकडं चुलीसमोर, फोन स्पीकरवर. "काय टाकू अक्का?" "मला काय इचारतोस? तूच लिवतोस ना समदं?" अठरा नोव्हेंबरची मुदत होती, ती मग पुढं गेली आणि विधवा बायांसाठी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडं द्यायची सोय झाली. पुढच्या अंकात मी 'मुदतवाढ' हा प्रश्न घेतला. त्यात अक्का कुठंच नव्हती.

आता तर नवीनच आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. २०२३ च्या सुरुवातीला इथंच पुण्यात, बालगंधर्व चौकात पोरं त्यासाठी रात्र रात्र बसली होती, आम्हाला दोन वर्षं द्या म्हणून, ती दोन वर्षं संपली. त्यामुळं आमच्या मासिकालाही चार पर्यायांचं जग पुरेना. संपादक म्हणाले, आदर्श उत्तरं लिहा. पहिलंच हाती आलं, 'अग्निपथ योजनेचे टीकात्मक परीक्षण करा, २५० शब्द'. मी लिहिलं. एकीकडे सैन्याचं सरासरी वय चार-पाच वर्षांनी खाली येईल, पेन्शनचा वाढता बोजा आवरता येईल, आधुनिक शस्त्रांसाठी पैसा मोकळा होईल. दुसरीकडे प्रशिक्षणाला मिळणारा कमी काळ, तुकडीतला एकजिनसीपणा, चार वर्षांनी परतणाऱ्यांचं पुनर्वसन. मग समारोपात 'सुवर्णमध्य' हा शब्द. हा शब्द नसेल तर उत्तर अपुरं वाटतं, का ते मला माहीत नाही. दोनशे अठ्ठेचाळीस शब्द झाले. दोन शिल्लक होते. त्यात काय बसवता येईल म्हणून बराच वेळ बघत बसलो आणि मग 'तथापि' आणि 'अर्थात' टाकून मोकळा झालो.

उत्तर वाईट नव्हतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला मनापासून पटतंही. हीच तर पंचाईत आहे. तिसावं वर्ष ओलांडलेल्या फौजेनं बर्फात चढायचं हे काही बरं नाही, आणि तेवीस वर्षांच्या पोरानं अकरा लाख घेऊन गावच्या पारावर येऊन बसायचं हेही नाही. खडकवासल्याला एनडीएतून त्या वर्षीच्या ३० मेला १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्या दिवशी मी खरंच उड्या मारायचा बाकी होतो. त्या मुलींना चौघींतली एक असा हिशोब नाही. त्या अधिकारी. भाच्याला मी तो प्रश्न दाखवला तेव्हा म्हणाला, "लय भारी, मामा." त्यात कसलाही दंश नव्हता. तो मलाच शोधावासा वाटला.

रात्री तो खाली सतरंजीवर झोपला. खाटेवर झोप म्हटलं तर ऐकलं नाही. दिवा मालवल्यावर विचारलं, "पुढं काय करायचं ठरवलंयस? अजून वर्ष आहे." अंधारात थोडा वेळ काही आलं नाही. मग म्हणाला, "कायम झालो तर झालो. न्हाय तर तुमच्यासारखं पुण्याला येतो की. चालू घडामोडी हाय तुमच्याकडं." आणि हसला. मीही हसलो. नंतर मला बराच वेळ झोप लागली नाही, त्याला लगेच लागली. फौजेत गेल्यापासून पोरगं पडलं की झोपतं. गल्लीतल्या अभ्यासिकेचा दिवा दोन वाजेपर्यंत चालू होता. उत्तरतालिकेवरून कुणी तरी खाली रस्त्यावर वाद घालत होतं, अमुक प्रश्न रद्द होणार, रद्द झाला तर कटऑफ किती खाली येणार. त्याच्या आवाजात जो जोर होता तो मी ओळखतो. रद्द होणाऱ्या प्रश्नावर मी एक अख्खं वर्ष काढलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी स्टेशनला सोडायला गेलो. झेलमच्या फलाटावर हिरव्या ट्रंका, आईबापं, पेढ्यांचे पुडे, आणि कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं तान्हं मूल. सगळे मोठ्यांदा बोलत असतात आणि गाडी हलली की एकदम गप्प होतात. त्यानं पायाला हात लावला. मी खिशात पाचशेची नोट कोंबली, त्यानं ती काढून परत माझ्याच खिशात कोंबली, असं दोनदा झालं आणि गाडी सुटली. नोट माझ्याकडंच राहिली. अक्काचा फोन आला, "गेला का? काय म्हणत होता?" मी म्हटलं, काही नाही, जेवला आणि झोपला.

खोलीवर आलो तर मुद्रितं तशीच होती, त्यानं रचून ठेवलेली, कडेला कड लावून. त्रेचाळिसावा प्रश्न काढला. समासातल्या ३० वर रेघ मारली आणि खोडलेल्या ७५ खाली 'राहू द्या'ची टिंबं दिली. दोन रेघा, टिंबं, सगळं लाल, त्या ओळीचा पार चिखल झाला. तसंच पाठवलं.

सकाळी डीटीपीवरून फोन. "सर, त्रेचाळीसला तुम्ही पंच्याहत्तरचं तीस केलंय, मग तीस पण खोडलंय. नक्की काय घेऊ?"

"पंच्याहत्तर घ्या."

"आणि उत्तर?"

"उत्तर ब."

तो बरं म्हणाला आणि चव्वेचाळिसाव्याचं विचारू लागला. त्यात काही तरी वेलांटीचं होतं.